दाढेत शिरणारे स्क्रू: अतिसूक्ष्म रोबो चालतात तरी कसे?

रूट कॅनॉल केलेली दाढ काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी पुन्हा ठणकू लागते. डॉक्टरांनी किडका गर काढलेला असतो, पोकळी सोडियम हायपोक्लोराइटने धुतलेली असते, वर कॅपही बसवलेली असते. तरी जंतू उरतातच. ते लपतात डेंटिन या दाताच्या थरात. हा थर भरीव नसतो. त्यात एक ते तीन मायक्रॉन रुंदीच्या असंख्य नळ्या असतात. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड.) एंटेरोकॉकस फीकॅलिस नावाचा जंतू या नळ्यांत खोल जाऊन बसतो आणि धुण्याचं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अंबरीश घोष यांचा गट आणि तिथेच उभी राहिलेली थेरानॉटिलस ही कंपनी यांनी २०२२ साली या नळ्यांत वेगळीच मंडळी पाठवली. सिलिकॉन डायऑक्साइडचे, म्हणजे काचेचेच, मळसूत्री आकाराचे कण आणि त्यांच्यावर लोखंडाचा लेप. काढलेल्या दातांच्या नमुन्यांत हे कण सोडले, बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र लावलं, आणि ते गिरक्या घेत नळ्यांमधून २००० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे दोन मिलिमीटर आत गेले. अल्ट्रासाउंड किंवा लेझर वापरून औषध आत ढकलण्याच्या पद्धती ८०० मायक्रॉनच्या आसपास थकतात. आत पोचल्यावर चुंबकीय क्षेत्रात बदल करून कण तापवले, तशी आजूबाजूचे जंतू मेले. काम झाल्यावर कण परत बाहेरही आणता आले.

हे वाचून डोळ्यांसमोर इवलेसे हातपाय आणि पोटात बॅटरी असलेलं काहीतरी आलं असेल, तर ते चित्र पुसून टाका. या कणात मोटर नाही, बॅटरी नाही, सेन्सर नाही. त्याचं इंजिन म्हणजे बाहेर ठेवलेली विजेच्या तारेची वेटोळी, आणि डोकं म्हणजे टेबलावरचा संगणक. कोणी म्हणेल, मग हा रोबो कसला? तक्रार रास्त आहे. पण सगळी यंत्रणा बाहेर ठेवण्यामागे पक्कं कारण आहे. मोठ्या यंत्राची हुबेहूब छोटी प्रत काढली तर ती चालतच नाही. कधी चिकटून बसते, कधी जागच्या जागी हलत राहते, कधी थरथरत भलतीकडेच जाते. का, ते समजलं की या क्षेत्रातल्या बातम्यांपैकी कुठली खरी आणि कुठली फुगवलेली, हेही बऱ्यापैकी ओळखता येतं.

हजार डॉलरची मोटर

या विषयाचा इतिहास सांगताना सगळे २९ डिसेंबर १९५९ ला पोचतात. त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये रिचर्ड फाइनमन यांनी एक भाषण दिलं. पदार्थाच्या तळाशी भरपूर जागा रिकामी आहे, तिथे यंत्रं बांधा, असा त्याचा गाभा. शल्यविशारदालाच गिळून टाकता आलं तर, ही त्यातली गाजलेली कल्पना त्यांच्या मित्राची, अल्बर्ट हिब्ज यांची. भाषणाच्या शेवटी फाइनमन यांनी बक्षीस लावलं: प्रत्येक बाजू १/६४ इंचापेक्षा लहान असलेली, चालणारी विजेची मोटर करून दाखवा, हजार डॉलर घ्या.

त्यांना वाटलं होतं, यासाठी एखादं नवं तंत्र शोधावं लागेल. वर्षही उलटलं नाही तोच विल्यम मॅक्लेलन नावाचा इंजिनिअर एक भलं मोठं खोकं घेऊन आला. असे उत्साही लोक फाइनमन यांच्याकडे आधीही येऊन गेले होते. पण या खोक्यातून निघाला सूक्ष्मदर्शक, आणि त्याखाली होती १३ भागांची, २५० मायक्रोग्रॅम वजनाची, मिनिटाला २००० फेरे घेणारी मोटर. चिमटा, सूक्ष्मदर्शक आणि अफाट चिकाटी एवढ्यावर केलेली. नवं तंत्र काहीच नाही! फाइनमन जरा हिरमुसले, पण हजार डॉलर त्यांनी पदरचे दिले.

ती मोटर साधारण ०.४ मिलिमीटरची होती. तिथवर घड्याळजीचं कसब पुरतं. त्याखाली उतरलं की गणितच बदलतं. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची हजारपट कमी केली तर तिचं पृष्ठफळ दहा लाखपट घटतं, वजन मात्र शंभर कोटीपट. म्हणजे वजन आणि जडत्व यांच्या जोरावर चालणारं सगळं निकालात निघतं, आणि पृष्ठभागावरच्या गोष्टी, म्हणजे चिकटणं, घासणं, द्रवाचा अडथळा, राज्य करू लागतात. सिलिकॉनचे सूक्ष्म सुटे भाग बनवणाऱ्यांना याचा फटका पहिल्यांदा बसला तो वाळवताना. रसायनात बुडवून भाग मोकळा केला, धुतला, आणि पाणी उडून जाताना शेवटच्या थेंबाच्या ताणानेच तो भाग खाली ओढला जाऊन कायमचा चिकटला. त्यावर उपाय म्हणून असे भाग द्रवरूप कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून दाब आणि तापमान असं चढवतात, की द्रव आणि वायू यांच्यात सीमारेषाच उरत नाही. मग ओढणारा पृष्ठभागही नाही.

पोहायचं, पण काकवीत

दाढेतल्या स्क्रूचं उत्तर पाण्यात आहे. द्रवात हलणाऱ्या वस्तूला जडत्व जास्त जाणवतं की द्रवाचा चिकटपणा, हे रेनॉल्ड्स अंक या एका आकड्यावरून कळतं. आपण विहिरीत सूर मारतो तेव्हा हा आकडा हजारो-लाखोंच्या घरात असतो, म्हणून हात मारणं थांबवलं तरी आपण पुढे सरकत राहतो. जिवाणूसाठी हाच आकडा ०.००००३ च्या आसपास येतो. माणसाने काकवीने भरलेल्या हौदात उतरून, हातपाय घड्याळाच्या काट्याच्या गतीने हलवत पोहायचं म्हटलं तर त्याला जे वाटेल, ते जिवाणूला साध्या पाण्यात वाटतं.

नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ सालच्या एका लेखात याचा हिशोब मांडला. सेकंदाला ३० मायक्रॉन वेगाने जाणाऱ्या जिवाणूने इंजिन बंद केलं, तर तो किती पुढे जाऊन थांबेल? त्यांचं उत्तर ०.१ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका अणूच्या रुंदीचा साधारण दहावा भाग. वेळ लागेल सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. या जगात 'वेग घेतला, आता थोडं वाहत जाऊ' ही सोय नाही. या क्षणी जो जोर लावाल, तेवढीच या क्षणीची हालचाल.

याच लेखातला दुसरा मुद्दा जास्त मजेशीर आहे. समुद्रातला स्कॅलप जातीचा शिंपला हळू उघडतो, झटकन मिटतो, पाण्याचा झोत मागे सोडतो आणि पुढे जातो. तोच शिंपला जिवाणूएवढा केला तर तो जागचा हलणार नाही. मिटताना जेवढा पुढे, उघडताना बरोबर तेवढाच मागे. हळू आणि झटकन यांत फरकच उरत नाही, कारण दाट द्रवाच्या समीकरणांत काळाला स्थान नसतं. जी हालचाल उलट क्रमाने केली तरी तशीच दिसते, ती कितीही जोरात करा, एका फेरीअखेर शून्य प्रगती.

विश्वास बसत नसेल तर केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी दाखवलेला प्रयोग बघावा. इंटरनेटवर त्याच्या चित्रफिती सहज सापडतात. एकात एक ठेवलेली दोन नळकांडी, मधल्या फटीत ग्लिसरीन, त्यात रंगाचा एक ठिपका. आतलं नळकांडं चार-पाच वेळा फिरवलं की ठिपका पसरून दिसेनासा होतो. मग तितकेच फेरे उलटे फिरवायचे. रंग गोळा होत होत ठिपका पुन्हा जागेवर येतो. पहिल्यांदा बघताना चित्रफीत उलटी लावलीय असंच वाटतं.

मग जिवाणू पोहतात कसे? मळसूत्र फिरवून. ई. कोलायच्या अंगाला मळसूत्री आकाराचे बारीक केसर असतात आणि ते वळवळत नाहीत, बुंध्यापाशी गोल फिरतात. एकाच दिशेने फिरणाऱ्या मळसूत्राची चित्रफीत उलटी लावली तर ते उलटं फिरताना दिसतं. म्हणजे पुढची आणि मागची हालचाल सारखी राहत नाही आणि शिंपल्याची पंचाईत टळते. दाढेतल्या कणाला स्क्रूचा आकार दिला तो यासाठी.

हा आकार देण्याची रीतही बघण्यासारखी आहे. घोष आणि पीअर फिशर यांनी ती २००९ साली हार्वर्डच्या रोलंड इन्स्टिट्यूटमध्ये वापरली. सिलिकॉनच्या चकतीवर २००-३०० नॅनोमीटरच्या काचेच्या मण्यांचा एकेरी थर पसरतात. (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रॉन.) मग निर्वात पेटीत सिलिकॉन डायऑक्साइडची वाफ अगदी तिरप्या कोनातून चकतीवर सोडतात. तिरपी वाफ आल्यामुळे प्रत्येक मण्याची सावली मागे पडते, सावलीत काही साचत नाही, आणि पदार्थ फक्त मण्यांच्या माथ्यावर काडीसारखा वाढतो. चकती सावकाश फिरवत राहिलं की काडी वाढता वाढता पिळत जाते. एका चौरस सेंटिमीटरवर शंभर कोटींच्या घरात मळसूत्रं तयार होतात. एका अंगाला कोबाल्टसारख्या चुंबकीय धातूचा लेप द्यायचा आणि अल्ट्रासाउंडने हलवून ती पाण्यात मोकळी करायची. त्या दोघांनी अशा एका कणाकडून पाण्यात अक्षरं गिरवून घेतली होती. कणाचा वेग सेकंदाला ४० मायक्रॉन, म्हणजे बऱ्याच जिवाणूंच्या तोडीचा.

चुंबकाने ओढून का नेत नाहीत, असा प्रश्न इथे पडतो. कारण पुन्हा तेच गणित. ओढणारं बल कणातल्या चुंबकीय द्रव्याच्या आकारमानावर अवलंबून असतं, आणि आकारमान सगळ्यात आधी आटतं. वळवण्यासाठी मात्र फारच कमी क्षेत्र लागतं. एमआरआय यंत्रात १.५ किंवा ३ टेस्लाचं क्षेत्र असतं; या स्क्रूंना काही मिलिटेस्ला पुरतात. शिवाय इतकं मंद क्षेत्र शरीराच्या आरपार बिनधोक जातं. प्रकाशाचं किंवा विजेचं तसं नाही.

सगळं हलतंय

आता तिसरी अडचण. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन यांना सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांतले बारीक कण सतत थरथरताना दिसले. पाण्याचे रेणू चारी बाजूंनी आदळत असतात आणि धक्के कधीच तंतोतंत समतोल नसतात, म्हणून ही थरथर, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये गणिताने दाखवलं. एक मायक्रॉनचा गोल कण पाण्यात सुमारे एका सेकंदात आपलं तोंड कुठे होतं ते विसरतो. त्याहून लहान कण आणखी लवकर, कारण गिरकीचं प्रमाण त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त असतं: त्रिज्या निम्मी केली तर गिरकी आठपट. अशा कणाला 'सरळ जा' सांगण्यात अर्थ नसतो. चुंबकीय स्क्रूचा एक फायदा असा की क्षेत्र त्याला सतत धरून ठेवतं.

पेशींनी मात्र या थरथरीशी भांडण न करता तिलाच कामाला लावलंय, आणि मला या सगळ्या विषयातला सर्वांत रसाळ भाग हाच वाटतो. आपल्या प्रत्येक पेशीत एटीपी सिंथेज नावाचं यंत्र असतं, रुंदी जेमतेम १० नॅनोमीटर. ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन असलेला रेणू, तयार करतं. माणूस दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी वापरतो. ते सगळं मोडतं आणि पुन्हा इथेच जोडलं जातं. अमेरिकेच्या पॉल बॉयर यांचं म्हणणं होतं की या यंत्रात मधला दांडा खरोखर गोल फिरतो. पण १० नॅनोमीटरची वस्तू फिरतेय हे साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार कसं?

१९९७ साली जपानमधल्या नोजी, यासुदा, योशिदा आणि किनोसिता यांनी ते दाखवलं. यंत्राचा खालचा भाग त्यांनी काचेवर डोकं खाली करून चिकटवला आणि मधल्या दांड्याला ॲक्टिन या प्रथिनाचा, चमकणारा रंग लावलेला एक तंतू जोडला. तंतू काही मायक्रॉन लांब, म्हणजे यंत्राच्या शेकडो पट. मग एटीपी घातलं. सूक्ष्मदर्शकाखाली तो तंतू गोल फिरू लागला, नेहमी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. एटीपी अगदी कमी ठेवलं तेव्हा १२० अंशांचे तीन टप्पे वेगवेगळे दिसले: एक टप्पा, एक रेणू. त्याच वर्षी बॉयर आणि जॉन वॉकर यांना नोबेल मिळालं. असाच डाव १९७४ मध्ये जिवाणूवर टाकला गेला होता. त्याचा केसरच काचेला चिकटवला, आणि केसर फिरू शकेना म्हणून अख्खा जिवाणूच गरगरू लागला.

जिवाणूची ही मोटर सुमारे ४५ नॅनोमीटरची असते, सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेते आणि प्रोटॉनच्या प्रवाहावर चालते. पेशीत कायनेसिन नावाचं आणखी एक प्रथिन असतं, ते तंतूंवरून आठ-आठ नॅनोमीटरची पावलं टाकत माल वाहतं. दर पावलाला एटीपीचा एक रेणू. एका एटीपीतून मिळणारी ऊर्जा रेणूंच्या नेहमीच्या थरथरीच्या ऊर्जेपेक्षा वीसेक पटच जास्त असते. आपल्या स्कूटरचं इंजिन इतक्या गोंगाटात एक सेकंद टिकणार नाही. ही प्रथिनं मात्र थरथरीला हवं तसं हलवू देतात आणि योग्य दिशेला सरकल्यावर एटीपी खर्चून मागची वाट बंद करतात.

रसायनशास्त्रज्ञांनी प्रथिनांशिवाय असं काही जमवलं, त्याचं नोबेल २०१६ मध्ये ज्याँ-पिएर सोवाज, फ्रेझर स्टॉडर्ट आणि बेन फेरिंगा यांना मिळालं. सोवाज यांनी रेणूंची कडी कडीत अडकवली, स्टॉडर्ट यांनी दांड्यावर सरकणारी रेणूची चकती केली, आणि फेरिंगा यांनी १९९९ मध्ये प्रकाश पडला की एकाच दिशेने फिरणारा रेणू तयार केला. पुढे २०१७ मध्ये फ्रान्सच्या तुलूझमध्ये एकेका रेणूच्या मोटारींची चक्क शर्यत झाली, सोन्याच्या पृष्ठभागावर, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढी थंडी का, हे आता सांगायला नको. गंमत म्हणून छान. उपयोगाच्या दृष्टीने यातलं फारसं काही अजून प्रयोगशाळेच्या दारापर्यंतही आलेलं नाही.

खिशातली सूक्ष्म यंत्रं

उपयोगात आलेलं काय, तर ते तुमच्या हातात आहे. मोबाइल आडवा धरला की पडदा फिरतो, तो ॲक्सिलरोमीटरमुळे. त्यात सिलिकॉनचा एक बारीक ठोकळा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. ठोकळ्याला कंगव्यासारखे दाते, समोर स्थिर दाते, मधली फट मायक्रॉन-दोन मायक्रॉन. फोन हलला की ठोकळा जरा मागे राहतो, फट नॅनोमीटरच्या मापाने बदलते आणि तेवढ्याने विद्युतधारिता, म्हणजे दात्यांची विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदललेली कळते. गाडीतल्या एअरबॅगला 'फूट' म्हणून सांगणारा भागही हाच. हे यंत्र हवेत आणि बंद डबीत राहतं, म्हणून काकवीची कटकट त्याच्या वाट्याला येत नाही.

यापुढची पायरी म्हणजे आणखी हलका, आणखी पातळ थरथरणारा भाग. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनचे ड्रम करतो. कार्बनचा काही अणू किंवा एकच अणू जाडीचा पडदा एका खड्ड्यावर ताणून बसवायचा आणि विजेने कंप पावायला लावायचा. विजेचा दाब बदलला की पडद्याचा ताण आणि त्याचा सूरही बदलतो. अशा एकाच पडद्याच्या दोन कंपनांना एकमेकांशी जोडून त्यांतलं एक वाढवता येतं, हे या गटाने २०१६ मध्ये दाखवलं. याचा फायदा काय? कंप पावणाऱ्या वस्तूवर काही येऊन बसलं की तिचा सूर उतरतो, आणि किती उतरला त्यावरून वजन कळतं. वस्तू जितकी हलकी, तितका तराजू नाजूक. २०१२ मध्ये बार्सिलोनाजवळच्या एका गटाने कार्बनच्या एका नळीचा असा तराजू केला, त्याची नजर एका प्रोटॉनच्या वजनापर्यंत पोचली.

इंधन कुठून आणायचं?

पोहणाऱ्या रोबोंकडे परत येऊ. चुंबक हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग भोवतालच्या द्रवातूनच इंधन घेण्याचा. अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठात आयुष्मान सेन आणि थॉमस मॅलूक यांच्या गटाने २००४ मध्ये अर्धी सोन्याची, अर्धी प्लॅटिनमची, दोन मायक्रॉनची काडी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सोडली, आणि ती आपणहून धावू लागली. पण पेरॉक्साइड रक्तात कोण घालणार! म्हणून सॅन डिएगोतल्या जोसेफ वांग यांच्या गटाने जस्ताचे सूक्ष्म रॉकेट केले. उंदराच्या पोटातल्या आम्लाशी जस्ताची क्रिया होऊन हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, त्यांच्या रेट्याने रॉकेट पुढे जातं आणि जठराच्या अस्तरात रुततं. जस्त विरघळून जातं, त्यामुळे परत आणायची भानगड नाही.

तिसरा मार्ग जिवंत वाहन भाड्याने घेण्याचा. मॉन्ट्रियलच्या सिल्व्हँ मार्टेल यांनी चुंबकीय दिशा ओळखणाऱ्या आणि कमी ऑक्सिजनकडे ओढा असलेल्या जिवाणूंच्या पाठीवर औषधाच्या पिशव्या बांधल्या आणि उंदरांतल्या कर्करोगाच्या गाठींत धाडल्या. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी असतो आणि रक्तातून येणारं औषध नेमकं तिथेच पोचत नाही. चुंबकाने गाठीपर्यंत न्यायचं, पुढे जिवाणू स्वतःच्या स्वभावाने जातो. मला ही युक्ती फार आवडते. सेन्सर बसवण्याऐवजी ज्याच्याकडे तो आधीच आहे त्यालाच कामावर ठेवलं.

आणि खरोखर पाय असलेले रोबो? तेही आहेत. कॉर्नेल विद्यापीठात मार्क मिस्किन, इताय कोहेन आणि पॉल मॅकयुएन यांच्या गटाने २०२० मध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा लहान चालणारे रोबो केले, चार इंची चकतीवर दहा लाखांहून जास्त. पाय म्हणजे सात नॅनोमीटर जाडीचा प्लॅटिनमचा पत्रा, त्याच्या एका बाजूला टायटॅनियम. थोडी वीज दिली की द्रवातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, प्लॅटिनमवर बसतात, ती बाजू फुगते आणि पाय वाकतो. पाठीवरच्या सौरपट्ट्यांवर आळीपाळीने लेझर मारायचा: पुढचे पाय, मागचे पाय. पुढे पेनसिल्व्हेनिया आणि मिशिगन विद्यापीठांनी मिळून ०.२ × ०.३ × ०.०५ मिलिमीटरचा, स्वतःचा छोटा संगणक असलेला रोबो केला, तो २०२५ च्या अखेरीस जाहीर झाला. त्याला हलणारे भागच नाहीत. विजेच्या क्षेत्राने तो भोवतालचे आयन ढकलतो. तापमान मोजतो आणि ते सांगतो कसं, तर ठरावीक पद्धतीने डुलून. सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्याने ते वाचायचं.

इथे एक जुना हिशोब चुकता करतो. कोविडच्या काळात 'लशीतून चिप टोचतात' हा संदेश तुमच्याही घरच्या ग्रुपवर फिरला असेल. जगातले सर्वोत्तम गट आज जो सर्वांत लहान प्रोग्राम करता येणारा रोबो करू शकतात, त्याला वीज मिळते प्रकाशातून आणि बोलायला लागतो सूक्ष्मदर्शक. दंडाच्या स्नायूत अंधार असतो. एमआरएनए लशींमध्ये सुमारे १०० नॅनोमीटरचे स्निग्ध कण असतात हे खरं, पण त्यांत हलणारं काहीच नसतं. ती एमआरएनएभोवतीची चरबीची गुंडाळी. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची २०२२ मध्ये मंजूर झालेली लसही एमआरएनएचीच. आणि आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये तर ही गुंडाळीही नव्हती.

रक्तात उतरल्यावर

बातम्यांमध्ये नेहमी दाखवतात ते रक्तातून पोहत गाठीपर्यंत जाणारे रोबो. आकडे बघा. मोठ्या धमन्यांत रक्त सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर आणि त्याहूनही वेगाने धावतं, अगदी बारीक केशवाहिन्यांतही सेकंदाला अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या घरात. आपला स्क्रू जातो सेकंदाला ४० मायक्रॉन. प्रवाहाविरुद्ध पोहणं सोडाच, काठाला धरून राहणंही अवघड. वर रक्ताचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग पेशींनी भरलेला, आणि एकेक लाल पेशी या स्क्रूपेक्षा कितीतरी मोठी. शरीराला परकं काही दिसलं की यकृतातल्या आणि प्लीहेतल्या पेशी ते गिळून टाकतात. टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतल्या प्रयोगांचा आढावा घेऊन २०१६ मध्ये सांगितलं की टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के होतं. शंभरात एकही नाही. हे कण नुसते वाहणारे होते, हे खरं; पण पोहणाऱ्यांनाही याच शरीरातून जायचंय.

दुसरी अडचण म्हणजे दिसणं. प्रयोगशाळेत काचेवर सूक्ष्मदर्शक लावता येतो, माणसाच्या पोटावर नाही. एमआरआय आणि अल्ट्रासाउंडला एक मायक्रॉनचा एकटा कण दिसत नाही, म्हणून हजारो-लाखो कणांचा थवा करून नेतात. थवा दिसतो, पण वळवायला जड.

म्हणूनच थेरानॉटिलसने दात निवडले, हे मला शहाणपणाचं वाटतं. जागा उघडी, रक्ताचा प्रवाह नाही, अंतर दोन मिलिमीटर. २०२५ मध्ये त्यांनी आणखी सोपं लक्ष्य घेतलं: थंड पाणी प्यायल्यावर दातांतून जाणारी कळ. ती कळ त्याच डेंटिनच्या उघड्या नळ्यांमुळे येते. चुंबकाने चालणारे ४०० नॅनोमीटरचे सिरॅमिक कण नळ्यांत ३०० ते ५०० मायक्रॉन आत नेऊन बुजवणी करायची. दातांना थंडी सहन न होणारे उंदीर थंड पाणी टाळत होते. उपचारानंतर ते पुन्हा पिऊ लागले.

रक्तवाहिन्यांसाठी झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या ब्रॅडली नेल्सन यांच्या गटाने अलीकडे वेगळा रस्ता धरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी मेंदूतल्या गुठळीसाठी जिलेटिनची एक गोळी मांडली. ती नॅनो नाही, नुसत्या डोळ्यांना दिसते. नॅनो आहे ते तिच्या पोटात: चुंबकाला ओढण्यासाठी लोह ऑक्साइडचे कण आणि एक्स-रेत दिसण्यासाठी टँटलमचे. लांबचा प्रवास ती करतच नाही. हृदयरोगतज्ज्ञ रोज वापरतात तसल्या कॅथेटरने, म्हणजे बारीक लवचिक नळीने, तिला मेंदूच्या जवळ सोडतात आणि शेवटचा फाट्याफाट्यांचा भाग बाहेरचे चुंबक पार पाडतात. गोळी मोठी असल्याने इथे ओढणं जमतं, अगदी सेकंदाला २० सेंटिमीटरच्या प्रवाहाविरुद्धही. पोचल्यावर वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र कण तापवतं, जिलेटिन वितळतं, औषध तिथल्या तिथे मोकळं होतं. डुकरांमध्ये आणि एका मेंढीत हे करून बघितलंय, पुढचा टप्पा माणसांवरच्या चाचण्यांचा.

चाचण्यांचा भाग मात्र कुठल्याही चुंबकाने पटकन ओढता येणार नाही. अशी गोळी एकाच वेळी औषध असते आणि उपकरणही, आणि दोन्हींचे नियम वेगळे. भारतात उपकरणांसाठी २०१७ ची वैद्यकीय उपकरण नियमावली आहे, आणि नॅनो औषधं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये काढली. त्यांत कण शरीरात कुठे साठतो, किती दिवस राहतो आणि कशातून बाहेर पडतो याची उत्तरं द्यावी लागतात. काचेचा स्क्रू विरघळत नाही, त्यामुळे दाताच्या बाहेर कुठेही त्याला पाठवायचं तर सगळ्यात अवघड प्रश्न परतीचाच येतो. जस्त, जिलेटिन, डीएनएसारख्या विरघळणाऱ्या किंवा शरीराला पचणाऱ्या मालाकडे बरेच गट वळलेत ते त्यामुळेच.